क्रुगरच्या रानात आपली गाडी आपणच
दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची गाडी घेऊन स्वतःच हिंडता येते. आम्ही तसेच हिंडलो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. डांबरी रस्त्यावर वेग ताशी ५० किलोमीटर, त्याहून जास्त नाही. वाटेत खाली उतरायचे नाही. हत्ती आडवा आला की मुकाट थांबायचे!

पण आम्हांला ओढ होती ती उत्तरेकडच्या पाफुरीची. तेथून १९६९ साली वर्णभेदी सरकारने माकुलेके लोकांना बंदुकीच्या धाकाने हुसकले, त्यांची घरे जाळायला लावली. हे लोक हक्कासाठी भांडले आणि १९९८ साली जमीन परत मिळवली. रान मात्र त्यांनी रानच ठेवले, लॉजवाल्यांना जागा दिली. उत्पन्नाचा वाटा गावांना मिळतो. लॉजचे दर आमच्या खिशाबाहेरचे. आम्ही झाडाखाली डबा सोडला.