चिकटायचं कुणी, घसरायचं कुणी

पावसाळ्यात कोपर स्टेशनजवळच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डोकावलात, तर टेबलावर बोटभर लांबीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅसेट दिसतील. एका टोकाला थेंब टाकायची खळगी, मध्ये खिडकी, खिडकीच्या कडेला ‘सी’ आणि ‘टी’. खाडी जवळ, डबकी त्याहून जवळ. त्यामुळे ताप आला की डॉक्टर ‘एनएस वन करून घ्या’ म्हणतात. एनएस वन हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत रक्तात सापडणारं. वीसेक मिनिटांत ‘टी’समोर गुलाबी रेघ उमटली की निकाल लागला. आता त्या कॅसेटच्या पोटात काय काय आहे ते बघू.

रेघ सोन्याची

तो गुलाबी रंग शाईचा नाही. बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याचे कण असतात, साधारण ४० नॅनोमीटरचे. एका केसाच्या जाडीत असे दोनेक हजार कण शेजारी शेजारी मावतील. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली असं लाल सोन्याचं पाणी करून दाखवलं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत आणि अजून लालच आहेत.

प्रत्येक कणावर अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. त्या एनएस वनला पकडतात आणि पट्टीतून पुढे वाहत जातात. ‘टी’च्या जागी दुसऱ्या अँटीबॉडी दबा धरून बसलेल्या. त्या तेच प्रथिन दुसऱ्या बाजूने धरतात. झालं सँडविच, लॅबवालेही हाच शब्द वापरतात. ‘सी’ची रेघ रोगाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त द्रव तिथवर पोचला आणि कण शाबूत आहेत एवढंच कळवते. ती नाही आली तर ‘टी’कडे बघूही नका, कॅसेट कचऱ्यात. आणि हो, ही कॅसेट सोनाराकडे नेऊन काही उपयोग नाही.

कागद मात्र बारुदाचा

ही मंडळी ज्या पांढऱ्या पट्टीवरून चालतात ती नायट्रोसेल्युलोजची. म्हणजे नायट्रिक आम्लात मुरवलेला कापूसच, १८४६ साली शोनबाइनने जगापुढे आणलेली ‘गनकॉटन’, तोफांत भरायची. त्यात नायट्रोजन किती मुरला यावर ते स्फोटक होणार की नेलपॉलिश, हे ठरतं. जुन्या चित्रपटांच्या रिळांचा पायाही हाच. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागून मूकपटांच्या काळापासूनची रिळं खाक झाली, ती याच नायट्रेट फिल्मची. प्रथिनं मात्र या द्रव्याला आपणहून घट्ट चिकटतात. म्हणून रोगनिदानात त्याला पर्याय म्हणून आणलेले बरेच कागद मागे पडले.

मखरातलं प्लास्टिक

एलायझा चाचणीची प्लेट म्हणजे ९६ खळग्यांचा पारदर्शक ट्रे. पॉलिस्टायरिनचा. हेच प्लास्टिक फुगवलं की थर्माकोल होतो, ज्याची मखरं गणपतीत घरोघर असायची आणि ज्यावर राज्यात २०१८ साली बंदी आली. पॉलिस्टायरिनला पाणी आवडत नाही. प्रथिनाच्या पोटातही पाण्यापासून तोंड लपवणारे भाग असतात. दोघांचं पटतं, गोंद लागत नाही. स्टॉकहोमच्या एंगव्हाल आणि पर्लमन यांनी १९७१ साली ही पद्धत मांडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मे २०२० मध्ये ‘कोविड कवच’ किट आणलं, तेही याच वळणाचं: निष्क्रिय केलेला कोरोना खळग्यांत चिकटवायचा आणि वरून रुग्णाचं सीरम टाकायचं. अडीच तासांत ९० नमुने.

खरी डोकेदुखी: चिकटू न देणं

पकडणारी अँटीबॉडी पृष्ठभागावर बसवणं हे त्या मानाने सोपं काम. रक्तातलं बाकी सगळं तिथे बसू न देणं अवघड. हार्ट अटॅकच्या चाचणीत ट्रोपोनिन शोधतात. संशयाची रेषा लिटरमागे १४ नॅनोग्रॅमच्या आसपास, आणि त्याच लिटरभर सीरममध्ये अल्ब्युमिन चाळीसेक ग्रॅम. वजनाने जवळपास तीनशे कोटी पट! या गर्दीतलं थोडं जरी चुकीच्या जागी चिकटलं तरी खोटी रेघ.

यात आणखी भानगड अशी की आधी चिकटलेलं प्रथिन तिथेच राहील असं नाही. सकाळच्या लोकलमध्ये आधी चढून जागा धरलेल्याला मागून आलेल्या दांडगटाने उठवावं, तसं चपळ अल्ब्युमिन आधी बसतं आणि मग मोठी, जास्त चिकट प्रथिनं त्याला हुसकतात. याला ‘व्रोमन परिणाम’ म्हणतात. हे लिओ व्रोमन म्हणजे रक्ताचे शास्त्रज्ञ आणि डच भाषेतले नामवंत कवी, दोन्ही एकच माणूस. १९४० मध्ये नाझी आले तेव्हा ते बोटीतून इंग्लंडला निसटले, पुढे जपान्यांच्या छावणीत कैदेत पडले, आणि अखेर अमेरिकेत जाऊन रक्त काचेला कसं चिकटतं ते बघत बसले. या विषयात यांच्याइतकं मजेशीर चरित्र दुसऱ्या कुणाचं नसावं.

उपाय दोन. एक, मोकळी जागा आधीच निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकायची. बऱ्याच प्रयोगशाळांत यासाठी चक्क स्किम्ड दूध पावडर वापरतात! दुसरा, पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे केसांसारखे धागे उभे करायचे. ते पाण्याचा थर धरून ठेवतात आणि प्रथिनं घसरतात. बद्धकोष्ठावरच्या पावडरीतही हेच ग्लायकॉल असतं. घसरवण्याचं खातं दोन्हीकडे त्याच्याकडेच.

उलटी बसलेली अँटीबॉडी

अँटीबॉडी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी. पकड वरच्या दोन हातांत. ती डोक्यावर उभी चिकटली की हात खाली दबले, कामातून गेली. सरळ बसवायला ‘प्रोटीन ए’ वापरतात. ते अँटीबॉडीचा दांडा धरतं, हात मोकळे राहतात. मिळतं कुठून? फोड आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूकडून. आपल्या अँटीबॉडींना चकवायला त्याने बनवलेलं हत्यार आपण चोरून आपल्याच कामाला लावलं.

कोला पॉझिटिव्ह

डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या एका खासदाराने भर संसदेत कोरोनाच्या पट्टीवर कोला ओतला आणि पट्टी पॉझिटिव्ह आली. पुढे इंग्लंडच्या शाळकरी पोरांनी सुट्टीसाठी तोच उद्योग केला. कारण साधं: आम्लाने अँटीबॉडींचा आकार बिघडतो आणि सोन्याचे कण ‘टी’वर उगाच अडकतात. किटसोबतच्या बफरने पट्टी धुतली की लबाडीची रेघ जाते. पुण्याच्या मायलॅबचं ‘कोव्हिसेल्फ’ मे २०२१ मध्ये आलं, घरी करायची देशातली पहिली मान्य कोरोना चाचणी, अडीचशे रुपयांत. त्याच्याबरोबर येणारी बफरची नळी शोभेची नव्हती.

गोव्याची पट्टी, पेरूचा जंतू

गोव्यात वेर्ण्याच्या ऑर्किड बायोमेडिकलची ‘पॅराचेक’ ही मलेरियाची पट्टी आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचली. ती फाल्सिपेरम जंतूचं एचआरपी-टू हे प्रथिन पकडते. विजेची, मायक्रोस्कोपची गरज नाही. सगळं छान चाललेलं. मग २०१० मध्ये पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातून बातमी आली: त्या प्रथिनाचं जनुकच गमावलेले जंतू सापडले. माणूस तापाने फणफणलेला, पट्टी कोरी! जिथे पट्टीवर पकडले जाणारे जंतू उपचारांनी मरतात, तिथे न पकडल्या जाणाऱ्यांचं फावतं. या कारणाने चुकलेल्या केसेस पाच टक्क्यांवर गेल्या की पट्टी बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पुण्याचं चुंबक

कॅन्सरच्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरतात. मिलिलिटरभर रक्तात लाल पेशी सुमारे पाचशे कोटी, आणि या फितूर पेशी मोजक्या. पुण्याच्या ॲक्टोरियस कंपनीची ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणी चुंबकीय नॅनोकणांवर एपकॅम या प्रथिनाची अँटीबॉडी बसवते. एपकॅम अंगावर मिरवणाऱ्या पेशी कणांना चिकटतात आणि चुंबकाने बाजूला ओढता येतात. मग रंग लावून मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळालेली ‘सेलसर्च’ही याच तत्त्वावर चालते. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा जास्त पेशी सापडणं हे तिच्या हिशेबात वाईट लक्षण.

मलेरियाच्या जंतूची युक्ती काही कॅन्सर पेशींनाही जमते. भटकायला निघताना त्या एपकॅम उतरवून ठेवतात आणि चुंबकाच्या हाती लागत नाहीत. म्हणून काही संशोधक अँटीबॉडीच्या जोडीला साधी चाळणीही वापरतात: बऱ्याच कॅन्सर पेशी रक्तातल्या इतर पेशींपेक्षा आकाराने मोठ्या असतात, त्या भोकांवर अडकतात.