चतुर्भुज कार्बन आणि कुक्षीचा पानिया

मक्याच्या पिठाचा गोळा आकड्याच्या, म्हणजे आपल्या रुईच्या, पानांत दाबायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा. झाला पानिया! धार-झाबुआकडचा हा लाडका पदार्थ. कुक्षीला गेलात तर डाळीसोबत हाणाच. पान सोलल्यावर पिठावर शिरांचे ठसे दिसतात आणि कडा तांबूस, खमंग. हा खमंगपणा येतो अमिनो आम्लं आणि साखरेच्या झटापटीतून. लुई मायार या फ्रेंच माणसाने ती 1912 साली उलगडली.

अमिनो आम्लाची ठेवण अगदी देवघरातली: मधोमध चतुर्भुज कार्बन. एका हातात अमिनो गट, दुसऱ्यात आम्ल गट, तिसऱ्यात हायड्रोजन. हे तिन्ही ठरलेले. गंमत सगळी चौथ्या हातात. आपली प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांनी विणली जातात, त्यांचा स्वभाव हाच हात ठरवतो. तिथे गंधक आलं की मेथिओनिन किंवा सिस्टीन. केस जळल्याचा भपकारा त्याच गंधकाचा. चार कार्बनांची शेपटी आणि टोकाला आणखी एक अमिनो गट, तर लायसिन.

मक्याचं घोडं नेमकं या लायसिनपाशी अडतं. डाळीत ते भरपूर, पण तिथे मेथिओनिनची चणचण. ती मका बऱ्यापैकी भरून काढतो. म्हणून नुसता पानिया तुपात बुडवून उठू नका! मक्यातलंच लायसिन वाढवण्याबद्दल सुरिंदर वसल आणि एव्हान्जेलिना विलेगास यांना 2000 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आणि हो, सजीवांच्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डावखुरी. अपवाद ग्लायसिनचा: त्याच्या दोन हातांत हायड्रोजनच, मग डावं-उजवं कसलं? जीव गेला की डावखुरी हळूहळू उजवीकडे वळू लागतात, शेवटी निम्मी-निम्मी होतात. शहामृगाच्या जुन्या अंड्यांच्या कवचांचं वय या घड्याळावरून काढतात.

बाग-कुक्षी भागातल्या अंड्यांपुढे मात्र हे घड्याळ केव्हाच थकलेलं. 2023 च्या एका शोधनिबंधात तिथली डायनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली आहेत. वय साडेसहा कोटी वर्षांहून जास्त. पाडल्या गावात असेच गोल दगड काकड भैरव म्हणून पुजले जात होते. देवाला जन्मदाखला कोण मागणार!