निस्त्याक : एका विभक्तिरूपाचे नाम

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर भातात कालवून खावयाच्या पदार्थास 'निस्त्याक' म्हणतात. शब्दसूच्यांतून त्याचा अर्थ 'माशाची आमटी' असा दिला जातो. तो चुकीचा नव्हे. परंतु अपुरा आहे. सोमवारी ज्या घरी मासळी शिजत नाही, तेथेही 'आज निस्त्याक काय?' हा प्रश्न विचारला जातो आणि त्यास डाळीची आमटी हेही उत्तर असू शकते.

या शब्दाचे मर्म त्याच्या अन्त्य 'क'मध्ये आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) 'कुडाळी' म्हणून नोंदलेल्या या बोलीत चतुर्थीचा प्रत्यय 'क' असा आहे : माका, तुका, घराक. गोव्याकडील 'नुस्तें' (मासळी) या शब्दाशी 'निस्त्याक'चा संबंध लावण्याचा मोह साहजिक आहे. तथापि 'निस्ता', म्हणजे प्रमाण मराठीतील 'नुसता', या विशेषणाचे हे चतुर्थ्यन्त रूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नुसत्या भातास जे लावावयाचे, ते निस्त्याक.

या तर्कास घाटावरील मराठीतून भक्कम आधार मिळतो. तेथे कालवणास 'कोरड्यास' म्हणतात. कोरड्या भाकरीस जे लावावयाचे, ते कोरड्यास. प्रत्यय निराळा, धान्यही निराळे, पण घडण तीच. विशेष्य लुप्त झाले, विशेषणाने विभक्ती धारण केली आणि ते विभक्तिरूपच नाम होऊन बसले.

हे स्थित्यंतर कोठे घडले असावे, तेही त्या नित्याच्या प्रश्नातच दिसते. 'निस्त्याक काय केलंस?' या वाक्यात 'निस्त्यासाठी काय केलेस?' आणि 'निस्त्याक म्हणून काय केलेस?' असे दोन्ही अन्वय लागतात. 'निस्त्याक वाढ' येथे मात्र दुसराच अन्वय संभवतो. आणि 'निस्त्याकात मीठ कमी' असे म्हणताना तर विभक्तीवर विभक्ती चढते. बोलणाऱ्यास पहिलीची जाणीव उरलेली नसते.

मग 'माशाची आमटी' हा अर्थ आला कोठून? प्राचीन ग्रीकमध्ये 'ऑप्सोन' म्हणजे भाकरीबरोबरचे तोंडीलावणे. त्याच्या लघुत्वदर्शक 'ऑप्सारियोन' या रूपापासून आलेल्या आधुनिक ग्रीकमधील 'प्सारी'चा अर्थ केवळ 'मासा' असा आहे. समुद्रकाठी तोंडीलावणे बहुधा मासळीचेच असते. मालवणी शब्दाने त्या दिशेस निम्मीच वाट चालली आहे; सोमवारची डाळ त्यास अद्याप मागे ओढते.