मागच्या बाकावरून

लोकसभेचे नाव निघाले की आपल्यापुढे पंतप्रधान उभे राहतात, अर्थमंत्री उभे राहतात, विरोधी पक्षाचे एखादे गाजलेले पुढारी उभे राहतात. ही सारी पुढच्या बाकांवरची माणसे. पण लोकसभेत निवडून जाणारे सभासद आहेत ५४३, आणि घटनेच्या आजच्या मर्यादेप्रमाणे मंत्र्यांची संख्या त्यांच्या शेकडा पंधरांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. म्हणजे साडेचारशेंहून अधिक सभासद मंत्री नसतातच. आपण ज्यांना मत देतो ते खासदार बहुधा याच साडेचारशेंतले असतात. मग सहजच प्रश्न येतो : जो मंत्री नाही, ज्याच्या हाती खाते नाही, सही नाही, शिक्का नाही, त्याने दिल्लीत जाऊन करायचे तरी काय?

पुष्कळांना वाटते, हात वर करायचा नि खाली घ्यायचा, एवढेच त्याचे काम. हा समज खरा की खोटा, हे नुसत्या नियमांवरून कळणार नाही. त्यापेक्षा एका सभासदाची हकीकतच पाहू या.

हे सभासद म्हणजे फिरोज गांधी. जन्म मुंबईचा, १९१२ सालचा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातल्या रायबरेली भागातून लोकसभेवर निवडून आले. पंतप्रधान नेहरूंचे ते जावई. सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच सभासद. पण मंत्रिपद त्यांच्याकडे कधीच आले नाही. पहिली तीनेक वर्षे तर सभागृहात त्यांचा आवाज फारसा ऐकूच आला नाही. मग १९५५ च्या डिसेंबरात ते विम्याच्या विषयावर बोलायला उभे राहिले.

त्या काळी आयुर्विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. आता विमा म्हणजे काय, बघा. एखादा प्राथमिक शिक्षक किंवा पोस्टातला कारकून पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरतो. का? तर आपल्यामागे बायकामुले उघड्यावर पडू नयेत म्हणून. असे हजारो हप्ते मिळून कंपनीच्या तिजोरीत कोट्यवधी रुपये जमतात. हा पैसा कंपनीच्या मालकाचा नव्हे. तो विमेदारांची ठेव आहे. काही मालकांना मात्र तो आपलाच वाटू लागला होता. फिरोज गांधींनी आकडे आणि कागदपत्रे पुढे ठेवून हा पैसा कुठून कुठे फिरवला जातो ते सभागृहाला दाखवले. त्यात भारत इन्शुरन्स कंपनीचे प्रकरण मुख्य होते. उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्यावर पुढे या कंपनीच्या दोन कोटींहून अधिक रुपयांच्या अपहाराचा खटला झाला, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषी ठरवले.

त्या भाषणानंतर थोड्याच आठवड्यांनी, १९ जानेवारी १९५६ रोजी, सरकारने आयुर्विम्याचा कारभार आपल्या हाती घेतला. ही बातमी देशाला कळली ती आकाशवाणीवरून. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आपल्या महाडकडचे, त्यांनीच ती सांगितली. २४५ लहानमोठ्या विमा संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. हे सारे एका भाषणामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. राष्ट्रीयीकरणाचा विचार आधीपासून चालला होता. पण लोकांना त्याची निकड पटवून देण्याचे काम त्या भाषणाने केले, एवढे खास.

याच सुमारास त्यांनी दुसरे एक काम केले. ते कमी गाजले, पण माझ्या मते जास्त मोलाचे आहे. घटनेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे खासदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. हे संरक्षण होते ते बोलणाऱ्याला. तेच भाषण आपल्या पत्रात जसेच्या तसे छापणाऱ्या संपादकाला कायद्याचे असे पक्के कवच नव्हते. एखाद्या धनवंताने अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली म्हणजे संपादकाने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या! मग तो भानगडीत पडेलच कशाला? आणि त्याने छापले नाही, तर दिल्लीत बोललेले शब्द दिल्लीतच राहणार. खेड्यातल्या मतदाराला ते कळायचे कसे?

फिरोज गांधींनी एका वृत्तपत्राचे व्यवस्थापन पाहिलेले होते. त्यांना ही अडचण ठाऊक होती. त्यांनी स्वतःच एक विधेयक मांडले. मंत्री नसलेल्या सभासदाने मांडलेल्या विधेयकाला बिनसरकारी विधेयक म्हणतात. असली विधेयके ढिगांनी येतात आणि बहुतेक तशीच विरून जातात. १९५२ पासून आजवर अवघी चौदा कायदा होऊ शकली, नि १९७० नंतर एकही नाही. त्या चौदांतले हे एक. १९५६ साली ते मंजूर झाले. संसदेच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत दुष्ट हेतूवाचून, लोकहितासाठी छापला, तर त्याबद्दल खटला चालू नये, असा त्याचा आशय. आणि एक गंमत सांगतो : ही सवलत नुसती छापण्यापुरती नव्हती, रेडिओवरून सांगण्यालाही होती.

आता तिसरी गोष्ट. विम्याचा पैसा खाजगी हातांतून सरकारी महामंडळाकडे आला. पुष्कळांना वाटले, चला, सुटलो! पण पैसा सरकारी तिजोरीत गेला म्हणून त्याच्यावर नजर ठेवायचे काम संपते थोडेच? १९५७ च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. तिला आधी विचारलेच नाही. सप्टेंबरात लोकसभेत त्यावर प्रश्न निघाला. उत्तराने समाधान झाले नाही, म्हणून पुन्हा प्रश्न आले. शेवटी १६ डिसेंबर १९५७ रोजी चर्चा झाली, आणि सरकारी पक्षाच्या बाकावरून उठून फिरोज गांधींनी सरकारलाच जाब विचारला. त्यांचा रोख असा : हे महामंडळ संसदेने निर्माण केले आहे, तेव्हा त्याने लोकांचा पैसा कसा वापरला हे तपासणे संसदेचेच कर्तव्य आहे.

परिणाम काय झाला? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची चौकशीसाठी नेमणूक झाली. चौकशी मुंबईत, उघड्यावर, लोकांसमक्ष चालली. मुंदडाला मदत व्हावी म्हणूनच हा व्यवहार झाला, असा निष्कर्ष निघाला. सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, हे तत्त्वही छागलांनी स्पष्ट केले. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. ज्याच्या हाती ना सही ना शिक्का, त्याच्या अभ्यासाने एवढे घडले. त्यानंतर अडीच वर्षांनी, ८ सप्टेंबर १९६० रोजी, फिरोज गांधी वारले. वय अवघे सत्तेचाळीस.

त्यांच्या कायद्याची पुढची कथाही ऐकण्याजोगी आहे. आणीबाणीत, १९७५ च्या डिसेंबरात, वटहुकूम काढून तो कायदा रद्द करण्यात आला. त्या वेळी पंतप्रधानपदी होत्या त्यांच्याच पत्नी, इंदिरा गांधी. १९७७ साली सरकार बदलले आणि तो कायदा पुन्हा झाला; १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर त्या संरक्षणाला घटनेतच जागा मिळाली.

आपल्या कोकणातलेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा निवडून आलेले बॅरिस्टर नाथ पै विरोधी बाकांवर बसत. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही. तेव्हा घटनेच्या सर्व भागांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे बिनसरकारी विधेयक नाथ पै यांनी मांडले. ते मंजूर झाले नाही, आणि १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले. पण त्याच वर्षाअखेर चोविसाव्या घटनादुरुस्तीने बव्हंशी तीच गोष्ट केली. शेतात एकाने पेरावे आणि कापणी दुसऱ्याच्या हातून व्हावी, तसेच हे.

तर मग मागच्या बाकावरच्या सभासदाची हत्यारे कोणती? पहिले, प्रश्न. लोकसभेत दिवसाला तोंडी उत्तरासाठी वीस आणि लेखी उत्तरासाठी दोनशे तीस प्रश्न घेतले जातात. तोंडी उत्तराच्या प्रश्नाला ताऱ्याची खूण असते, म्हणून तो तारांकित. त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. आणि मंत्र्याची खरी परीक्षा होते ती तिथेच, कारण पुरवणी प्रश्न आधी ठाऊक नसतो. दुसरे हत्यार अर्थसंकल्पावरच्या कपात सूचनेचे, तिसरे बिनसरकारी विधेयकाचे. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, त्यामुळे मतदानात पक्षाचा आदेश मोडणाऱ्याची जागा जाऊ शकते. पण ही अडचण मताची झाली. प्रश्न विचारायला त्या कायद्याने बंदी केलेली नाही. ‘पक्षापुढे आमचे काय चालणार?’ हे उत्तर म्हणूनच अर्धेच खरे आहे.

उरलेला अर्धा भाग आपल्याकडे येतो. खासदार गावात आला की आपण त्याच्याकडे काय मागतो? रस्ता, सभामंडप, मुलाच्या नोकरीची चिठ्ठी. त्यात गैर काही नाही, गरज असते. पण ‘साहेब, गेल्या अधिवेशनात तुम्ही प्रश्न कोणते विचारलेत?’ असे आपल्यापैकी किती जण विचारतात? जे विचारले जात नाही ते हळूहळू केलेही जात नाही, हा व्यवहार आहे.

शिक्षक बंधुभगिनींना तर हे सहज करता येईल. कोणत्या सभासदाने काय विचारले आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. नागरिकशास्त्राच्या एका तासाला आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे पाच प्रश्न फळ्यावर लिहा. पाणी, कापूस, शाळा, विमा, कशावर असतील ते. उत्तर पुरे आहे का, आणि पुरवणी प्रश्न काय विचारता आला असता, हे मुलांनाच ठरवू द्या. एकही प्रश्न सापडला नाही, तर तेही फळ्यावर लिहा. मुले घरी जाऊन सांगतील, आणि पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला गावात कुणीतरी ते विचारील.