आधी उद्यान, मग घरं

सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभा केला. त्याच्याभोवती कामगारांची घरं, शाळा, दवाखाना असं अख्खं गाव वसलं, तेच वालचंदनगर. पुढे इथेच अवजड यंत्रं आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही घडले. बारामतीत क्रम उलटा होता. एमआयडीसी शहराबाहेर वसली आणि वाढतं शहर तिला जाऊन भिडलं. कारखाने कायमचे नसतात. उद्या एखादा बंद पडला किंवा हलला, तर वस्तीच्या मधोमध मोकळ्या होणाऱ्या जमिनीचं काय करायचं, हे दोन्ही तालुक्यांनी आजच ठरवायला हवं.

महाराष्ट्राने या प्रश्नाचं चांगलं उत्तर एकदा कायद्यात लिहिलं होतं. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला. संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि शहराच्या पोटात सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची वेळ आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली. ५ ते १० हेक्टरांच्या गिरणीतली ३३ टक्के जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, ३४ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ३३ टक्के मालकाला.

पण प्रत्येक गिरणीतून सुटा तुकडा मिळाला तर बागाही तुकड्यांच्याच होणार. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा आराखडा केला, तो नेमका याच मुद्द्यावर. शेजारच्या गिरण्यांचा एकत्र विचार करा, मोकळ्या जागा सलग ठेवा आणि घरं त्यांच्या अनुषंगाने बांधा, असं त्याचं सार होतं. तो कागदावरच राहिला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची होणार, शेड पाडून रिकामी होणारी जमीन मालकाकडेच राहणार. गिरण्यांचं आवार बहुतेक शेडखालीच असे. ६ हेक्टरांच्या गिरणीत १ हेक्टर मोकळा धरला, तर जुन्या नियमाने बागेला सुमारे २०० गुंठे मिळाले असते, नव्याने जेमतेम ३३. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. महाराष्ट्राच्या नगररचनेतली ही सर्वांत महाग पडलेली दुरुस्ती आहे, असं मला वाटतं. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, घर २२५ चौरस फुटांचं. अर्जदार होते दीड लाखांच्या घरात.

पॅरिसमध्ये सीन नदीकाठचा सिट्रोएन मोटारींचा कारखाना हलला. तिथली जमीन शहराने घेतली, १९९२ मध्ये १४ हेक्टरांचं उद्यान खुलं केलं आणि भोवती घरं, कचेऱ्या वसवल्या. तिथे उद्यान हा आराखड्याचा गाभा होता, उरलेल्या जागेचा उपयोग नव्हे.

आपल्याकडे हे करताना पहिला खर्च माती तपासण्याचा. वर्कशॉपचं तेल, जड धातू, आसवनीची मळी कुठे मुरली आहे, हे कळल्याशिवाय पायाही खोदू नये आणि झाडही लावू नये. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया तिला झेपेल असाच हवा. हा पट्टा अवर्षणप्रवण आहे. हिरवळीसाठी नीरेच्या कालव्याचं पाणी वळवणं हा ऊस आणि पिण्याच्या पाण्यावर अन्याय ठरेल. कडुनिंब, करंज, वड, बाभूळ लावावीत आणि त्यांना वसाहतीचंच शुद्ध केलेलं सांडपाणी द्यावं. घरं तीन-चार मजली असावीत आणि त्यांची दारं बागेकडे उघडावीत. बाग आणि घरांमध्ये कुंपणाची भिंत आली की बाग आतल्यांची होते, गाव बाहेर राहतं. कामगारांच्या घरांना बागेची हीच कड मिळावी. मागची गल्ली त्यांच्या वाट्याला टाकू नये.

बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदांनी, तसंच वालचंदनगर परिसरातल्या ग्रामपंचायतींनी, पुढच्या विकास आराखड्यासाठी कारखान्यांच्या आवारांची मोजणी आत्ताच मागावी. उद्यानाचं आरक्षण सलग एका तुकड्यात आणि शेडखालच्या जमिनीसकट धरावं. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते. वाचकांनी त्या मुदतीत हीच मागणी लेखी नोंदवावी.