काळ्या टी-शर्टच्या आत कोण असतं?

तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं अंगठ्याखाली दुमडलेली. हेवी मेटलच्या कार्यक्रमात हजारो हात एकदम अशी खूण करत वर जातात आणि पहिल्यांदा बघणारा दचकतो. ही तर शिंगं! सैतानाची पूजा चाललीय की काय? आता ही खूण आली कुठून ते ऐका. 1979 मध्ये रॉनी जेम्स डिओ हा गायक ब्लॅक सबाथ या बँडमध्ये आला. इटालियन वंशाच्या घरातला हा मुलगा. कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून त्याची आजी बोटांची हीच खूण करायची. नातवाने ती रंगमंचावर आणली आणि तिथून ती जगभर गेली. ज्या खुणेला आपण घाबरतो, ती मुळात नजर लागू नये म्हणून आहे!

मेटल ऐकणाऱ्यांबद्दलच्या आपल्या समजुती अशाच असतात. जरा खरवडलं की आतून भलतंच काहीतरी निघतं.

मुळात हा आवाज इतका जड, इतका खोल का? त्यासाठी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जावं लागेल. टोनी आयोमी, वय 17, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला आणि मधलं बोट व अनामिका यांची टोकं तुटली. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. दुसरा कुणी गिटार माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल सोडल्या. तार सैल झाली की सूर खाली उतरतो. पाताळातून आल्यासारखा वाटणारा तो घनगंभीर नाद म्हणजे एका जखमी कामगाराने काढलेली वाट आहे! त्याच्या बँडचा, म्हणजे ब्लॅक सबाथचा, पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला आणि मेटलचा जन्म झाला.

परळ-लालबागच्या माणसाला हे ऐकून काहीच परकं वाटू नये. यंत्रांचा खडखडाट, पाळ्यांचे भोंगे आणि त्यातूनच उगवलेली गाणी हा तर गिरणगावाचा इतिहास. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि पुढे एकेक गिरणी थंडावली. त्यानंतर काय झालं पाहा. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ब्लू फ्रॉग हे संगीताचं ठिकाण उघडलं आणि तिथे मेटलही वाजलं. कारखान्याच्या शहरात जन्मलेलं संगीत फिरत फिरत पुन्हा गिरणीतच येऊन पोचलं!

त्याआधी मुंबईच्या मेटलवाल्यांची पंढरी होती धोबी तलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं हे खुलं नाट्यगृह. गिरगावातून चालत गाठता येईल इतकं जवळ. 1986 पासून इथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला, सगळ्यांच्या तोंडी ‘आय-रॉक’. महेश तिनईकरांची गिटार असलेल्या रॉक मशीनसारखे बँड या शहराने त्याच काळात डोक्यावर घेतले. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच रुग्णालयं. तिथल्या रॉकच्या रात्री संपल्या. श्रोते मात्र कुठे गेले नाहीत.

आता त्या गर्दीकडे वळू. रंगमंचासमोर पोरं एकमेकांवर आदळतात, त्याला मॉश पिट म्हणतात. लांबून बघितलं तर दंगलच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा गर्दीच्या चित्रफिती घेऊन माणसांच्या वेगांचं गणित मांडलं. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. उत्तर काय आलं असेल? बंद भांड्यातल्या वायूचे रेणू ज्या नियमाने धावतात, त्याच नियमाने ही माणसं धावत होती! कधी कधी हीच गर्दी गोल फिरू लागते आणि तेव्हा बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट्या दिशेनेच फिरते. कुणी न सांगता! आणि यात एक अलिखित कायदा असतो. कुणी खाली पडला, की आजूबाजूच्यांनी आधी त्याला उचलायचं, नाच नंतर.

पण एवढी आदळआपट करणारं संगीत डोकं भडकवत असेलच ना? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात 2015 मध्ये हेच तपासलं गेलं. हे संगीत नेमाने ऐकणाऱ्या 39 जणांना आधी राग आणणाऱ्या आठवणी काढायला लावल्या. मग काहींना 10 मिनिटं त्यांचं आवडतं कर्कश संगीत दिलं, काहींना शांत बसवलं. राग दोन्हीकडे सारखाच उतरला. संगीत ऐकणाऱ्यांना वर उत्साहही वाटला. त्याआधी 2008 मध्ये एडिनबरोच्या एड्रियन नॉर्थ यांनी 36,000 हून जास्त लोकांचे स्वभाव आणि संगीताच्या आवडी पडताळल्या. त्यात मेटलवाल्यांशी सगळ्यात जुळणारे स्वभाव कुणाचे निघाले? पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांचे! दोघेही कल्पक, दोघेही अबोल, दोघेही स्वतःशी समाधानी. दोघांनाही भव्य, नाट्यमय काहीतरी हवं असतं, असं नॉर्थ यांचं म्हणणं.

नाट्य हीच सगळ्याची किल्ली आहे. कोकणातल्या दशावतारात संकासुर काळ्या वेशात येतो, मुलं घाबरून आईला बिलगतात, मोठी माणसं कौतुकाने बघतात. सोंग घेणाऱ्याला कुणी राक्षस म्हणत नाही. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचंही तसंच आहे. नावातच सैतान! गायक साहिल माखिजा घशातून असा गुरगुराट काढतो की अंगावर काटा यावा. 2017 मध्ये या बँडने अल्बम काढला, त्याचं नाव ‘दशावतार’. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह करत थेट कल्कीपर्यंत. आणि हाच माखिजा एरवी यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ चालवतो. तिथे तो लोकांना स्वयंपाक शिकवतो!

तेव्हा दादरच्या पुलावर लांब केसांचा, काळा टी-शर्ट घातलेला मुलगा दिसला तर बाजूला सरकू नका. त्याच्या छातीवर ज्या बँडचं नाव आहे, त्याचं पहिलं कुठलं गाणं ऐकू, एवढंच त्याला विचारा. आणि तो सांगेल ते गाणं घरी येऊन शेवटपर्यंत ऐका. आवडलं नाही तरी हरकत नाही. मत मात्र ऐकल्यानंतर बनवा.