औषधाची खिडकी रिकामी का असते?

मानखुर्दहून ताप, दमा किंवा साखरेचं दुखणं घेऊन निघालेला माणूस बहुतेक वेळा गोवंडीचं शताब्दी गाठतो. तिथं जमलं नाही तर घाटकोपरचं राजावाडी, नाहीतर सायन. केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात, चिठ्ठीवर पाच औषधं येतात. खिडकीवर तीन मिळतात आणि उरलेल्या दोनांपुढं खूण होते. "ही बाहेरून घ्या." रोजंदारी बुडवून आलेल्याला या तीन शब्दांची किंमत मेडिकलच्या दुकानात कळते. मग रांगेतच कारणं सांगितली जातात. कुणी म्हणतं पैसे खाल्ले, कुणी म्हणतं औषधं बाहेर विकली. यातलं काही कधीकधी खरंही निघतं. पण खिडकी रिकामी पडण्याची नेहमीची कारणं वेगळी आहेत, आणि ती माहीत नसली की आपला राग चुकीच्या माणसावर निघतो.

एक समज असा की सरकारी औषध सगळीकडे एकाच ठिकाणाहून येतं. तसं नाही. शताब्दी, राजावाडी, सायन ही महापालिकेची रुग्णालयं. त्यांच्यासाठी पालिकेचं मध्यवर्ती खरेदी खातं निविदा काढतं. भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं. राज्याच्या रुग्णालयांची खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. लस बनवणाऱ्या संस्थेला हे काम झेपलं नाही, पुरवठ्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि अखेर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करावं लागलं. बाळांच्या नियमित लसी आणि क्षयाच्या गोळ्या मात्र मुख्यतः केंद्राकडून येतात. मानखुर्द-गोवंडीच्या दाटीवाटीच्या एम पूर्व विभागात क्षयरोग घरोघरी माहीत आहे, म्हणून ही गोष्ट इथं महत्त्वाची. मार्च २०२४ मध्ये केंद्राचा पुरवठा लांबला आणि क्षयाची औषधं स्थानिक पातळीवर खरेदी करा, असं राज्यांना कळवलं गेलं. त्या दिवसांत गोळी मिळाली नाही म्हणून खिडकीवरच्या फार्मासिस्टशी भांडणारा रुग्ण आणि तो फार्मासिस्ट, दोघंही सारखेच हतबल होते.

याच घोळातून आणखी एक गोष्ट होते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. ही बातमी ऐकून लोक पालिकेच्या दवाखान्यातही तोच हक्क सांगतात. पालिकेचं धोरण वेगळं आहे, आणि बाहेरची चिठ्ठी द्यावीच लागू नये असं 'शून्य प्रिस्क्रिप्शन' तिनं स्वतंत्रपणे जाहीर केलं आहे.

'पैसा नाही म्हणून औषध नाही' हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. खरं तर औषध कपाटातून संपण्याच्या कितीतरी आधी कागदावर संपलेलं असतं. रुग्णालय आपली गरज कळवतं. सगळ्या रुग्णालयांची मागणी एकत्र करून निविदा निघते. दर ठरले की दरकरार होतो, म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या दरानं माल देण्याचा करार. दरकरार झाला म्हणजे औषध आलं असं नव्हे. त्यावर रुग्णालयानं पुरवठा आदेश काढायचा, मग माल येणार, नमुने तपासले जाणार, बिल मंजूर होणार. यातली कुठलीही कडी निसटू शकते. मागणी गेल्या वर्षीच्या खपावर काढली आणि पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे रुग्ण वाढले, तर सलाइन आधी संपतं. जुना दरकरार संपला आणि नवी निविदा अडली, तर तिजोरीत रक्कम असूनही आदेश काढता येत नाही. एखाद्या औषधासाठी कुणी बोलीच लावत नाही आणि फेरनिविदा करावी लागते. आणि बिलं थकली की पुरवठादार हात आखडतात; जानेवारी २०२५ मध्ये पालिकेच्या पुरवठादारांच्या संघटनेनं थकबाकीवरून पुरवठा थांबवण्याची भूमिका घेतली होती. अर्थसंकल्पातली तरतूद आणि वेळेवर चुकतं झालेलं बिल यांतलं अंतर रुग्ण स्वतःच्या खिशातून भरतो. मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

हे अटळ नाही. तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथं खरेदी एका जागी होते, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आहेत, आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं. आपल्या वाट्याच्या रकमेतून ते हवं तेव्हा औषध उचलतं.

'सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे निकृष्ट माल' हे अर्धवट खरं आहे. पालिकेच्या निविदेत अ, ब, क अशी तीन पाकिटं असतात. दर शेवटच्या पाकिटात असतो, आणि कागदपत्रं व तांत्रिक पात्रता यांत जो उतरेल त्याचंच ते पाकीट उघडतं. स्वस्त औषध वाईटच असतं असं नाही. एकगठ्ठा खरेदीत दर उतरतोच. धोका असतो तो न तपासता घेण्यात.

याचा धडा मुंबईनं फार महागात घेतला आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात डोक्यातला आणि डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल पाजलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली, तेव्हा खरेदी करणाऱ्यांपासून औषधांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत साखळीतली कडी न् कडी उघडी पडली. त्यानंतर असं होणार नाही असं वाटावं, तर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासात सरकारी रुग्णालयांना पुरवलेली प्रतिजैविकं टाल्कम पावडर आणि स्टार्चची निघाली. पाकिटं नियमानं उघडली तरी गोळी प्रयोगशाळेत गेली नाही, तर नियम पाळल्याचा रुग्णाला काय उपयोग? तमिळनाडूत नमुन्यावरचं कंपनीचं नाव झाकून, त्याला सांकेतिक क्रमांक देऊन तो प्रयोगशाळेत पाठवतात. ही पद्धत आपण तशीच्या तशी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

'डॉक्टर आपल्या कंपनीचं औषध मागवतात' असंही ऐकू येतं. मोठी खरेदी औषधाच्या मूळ नावानं होते, ब्रँडच्या नावानं नाही. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरच्या हातात ती नसते. यादीतलं औषध संपलं तर रुग्णालयाला मर्यादित प्रमाणात स्थानिक खरेदी करता येते. त्यामुळे 'बाहेरून घ्या' म्हटल्यावर 'स्थानिक खरेदीतून मिळेल का' हे विचारायला हरकत नाही.

आणि 'आपल्याला कोण सांगणार' हा शेवटचा गैरसमज. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. 'औषधं का नाहीत' असं विचारलं तर मोघम उत्तर येतं. म्हणून एकच औषध धरून तारखा मागाव्यात: मागणी कधी पाठवली, दरकरार कधी संपला, पुरवठा आदेश कधी निघाला, माल कधी आला, नमुन्याचा अहवाल काय आला, बिल कधी चुकतं झालं. त्यासाठी चिठ्ठी फेकू नका. न मिळालेल्या औषधापुढं 'उपलब्ध नाही' असं तारखेसह खिडकीवरच लिहून मागा.